चौरस खोलीसाठी सबवूफर निवडताना

समजा, तुमची खोली 10 बाय 10 फुटांची, खाली फरशी आणि चारही बाजूंना काँक्रीट. सबवूफर हा स्पीकर जे खोल, जाड सूर वाजवतो, त्या बाससाठी याहून अवघड जागा क्वचितच असते. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दोन्हींचा अनुनाद, म्हणजे खोलीत एखादा सूर आपोआप घुमणं, साधारण 56 हर्ट्झवर एकत्र येतो. भिंतीपाशी तो सूर घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ गायब होतो, म्हणून तुमची ऐकायची खुर्ची मध्यावर नकोच.

बारा इंची एक सबवूफर घेण्यापेक्षा आठ इंची दोन घ्या, बंद पेटीचे, म्हणजे पेटीला हवेचं छिद्र नसलेले. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले की हा अनुनाद बराच दबतो. याबाबत माझं मत ठाम आहे. बजेट अपुरं असेल तर आधी एकच घ्या, पण पुढे तोच मॉडेल मिळेल ना, हे दुकानदाराला विचारा. तोवर त्या एकाची जागा अशी शोधा: सबवूफर त्या ऐकायच्या खुर्चीवर ठेवा, चढत-उतरत जाणारी बास गिटार असलेलं ओळखीचं गाणं लावा आणि भिंतींच्या कडेने रांगत ऐका. जिथे प्रत्येक सूर सारखाच भरीव वाटेल, ती त्याची जागा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराखालचं काम मुख्य स्पीकरऐवजी सबवूफरकडे जातं ती सीमा, 80 हर्ट्झपासून सुरू करा.

आणि भिंतीवर लावायच्या पातळ फोमवर पैसे घालू नका. 56 हर्ट्झच्या, सुमारे सहा मीटर लांबीच्या ध्वनिलहरीला तो अडवू शकत नाही.