१९६५ च्या युद्धात पसरूरला उतरलेलं आपल्या हवाई दलाचं नॅट हे छोटं लढाऊ विमान, पाकिस्तान म्हणतं तसं खरंच शरण आलं होतं का? पुढं त्याचं काय झालं?

शरण बिरण काही आलं नव्हतं. पायलट बाकीच्यांपासून तुटला, वाट चुकली, तेल संपत आलं, खाली धावपट्टी दिसली ती आपलीच समजून उतरला. ती निघाली पाकिस्तानातली, सियालकोटकडची वापरात नसलेली पसरूरची पट्टी. तारीख ३ सप्टेंबर १९६५, पायलट स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद, विमान नंबर आयई १०८३. त्याच झटापटीत आपले दुसरे नॅट पायलट ट्रेव्हर कीलर यांना पाकिस्तानचं सेबर लढाऊ विमान पाडल्याचं श्रेय मिळालं, ते सगळ्यांना पाठ असतंय. सिकंद कुणाला माहीत नसतात, आणि माझं डोकं तिथंच फिरतंय.

झालं असं की आमच्या पेठेतल्या मंडळानं एका वर्षी गणपतीला ६५ च्या युद्धाचा देखावा धरला. माझं उद्यमनगरात पत्र्याचं काम, म्हणजे विमान आपसूक माझ्या गळ्यात. खरं नॅट इतकं बारकं की २२ फूट पंख आणि २९ फुटाच्या आत लांबी, पोरं म्हणाली फुल साईज करू, पण पंख दोन्हीकडच्या कट्ट्यांना लागायला लागले आणि आरतीला बायका जाणार कुठनं, म्हणून अर्ध्या मापावर आलो. रिवेट दिसावेत म्हणून आतल्या बाजूनं पंच मारून एकेक ठिपका उठवला, चाकांना सायकलची ब्रेक केबल लावून वरखाली होतील असं केलं. चाकांचा एवढा नाद का केला ते सांगतो. नॅटला वेगळे एअरब्रेक नव्हते, चाकं अर्धवट खाली सोडली की तीच आणि त्यांची दारं हवा अडवायची आणि वेग कमी व्हायचा. मला ते दाखवायचं होतं.

मग मी म्हटलं, दोन प्रसंग करू. एकीकडं कीलर आणि सेबर, दुसरीकडं पसरूर. अध्यक्ष एकदम उसळले, "आपल्या देखाव्यात आपलं विमान त्यांच्या जमिनीवर? लोक चप्पल मारतील." वर म्हणतात कसं, त्या पायलटनं चाकं सोडली म्हणजे हात वर केले, घरभेदीच तो. चार पोरांसमोर, मांडवात उभं राहून! मी पान्हा तिथंच ठेवला आणि निघून आलो. पुढं विमान लागलं, बक्षीसही मिळालं, पण पसरूर नाही ते नाहीच.

आता त्यांना तेव्हा द्यायचं उत्तर इथं देतो. नॅटची चाकं खाली दिसली एवढ्यावरनं शरणागती ठरत नाही, वर सांगितलंच का ते. आणि युद्धकैदी झाला म्हणजे घरभेदी, हे कुठल्या शाळेत शिकवतात? सिकंद युद्धानंतर परत आले, हवाई दलातच राहिले, एअर मार्शल झाले. हवाई दलाला जो माणूस चालला तो आमच्या अध्यक्षांना चालत नाही, काय बोलायचं. आणि हे एकट्या आपल्याकडंच नाही. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या हद्दीजवळ बोयऱ्याला आपल्या नॅटनी सेबर पाडली, त्यातले पाकिस्तानी पायलट परवेझ मेहदी कुरेशी आपल्या हाती सापडले, ते पुढं पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांनी नाही म्हटलं कुणी घरभेदी!

हां, विमानाचं राहिलंच. ते धड उतरलेलं, त्यामुळं पाकिस्तानच्या पायलटनंच पसरूरहून उडवून नेलं, चाचणीची उड्डाणं केली, आणि आता कराचीच्या हवाई दल म्युझियममध्ये ठेवलंय. शत्रूचं अख्खं विमान हातात आलं की कुणीही तेच करणार. आपलं नुकसान झालं हे मान्य करायला पाहिजे, उगं "काय फरक पडला नाही" म्हणू नका. पण सहा वर्षांनी बोयऱ्याला काय झालं तेही बघा.

एक सांगायचं राहिलं, पाकिस्तानचा दावा अगदीच हवेतला नाही. त्यांचं एफ-१०४ स्टारफायटर हे वेगवान लढाऊ विमान तेव्हा खरंच त्या भागात आलेलं, ते म्हणतात त्याला बघूनच नॅट उतरलं. आपल्याकडचं म्हणणं ते प्रचंड वेगात नुसतं निघून गेलं. सरळ रेषेत स्टारफायटर पुढं, पण वळणात नॅटच्या मागं राहणं त्याला जमण्यासारखं नाही, म्हणून मला आपलं म्हणणं पटतंय. तुम्हाला दुसरं पटलं तरी हरकत नाही, फक्त पोरांना सांगताना कीलरबरोबर सिकंदही सांगा. आणि अध्यक्ष वाचत असतील तर, यंदाच्या देखाव्याला पत्रा दुसरीकडनं बघा.