जुनीच दिसते म्हणून

पोरी,

काल फोनवर तू तणतणत होतीस. तीन महिने लावून मिस्त्रींनी आजोबांची रॅले सायकल दुरुस्त करून दिली आणि ती 'जुनीच दिसते'. अगं, जुनीच आहे ती! मागच्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, ५२ ठोकलंय ना? गिअरचे हब बनवणारे स्टर्मी-आर्चरवाले घडणीचं साल हबवरच ठोकायचे.

जे टिकलंय ते राखायचं. मिस्त्रींनी एवढंच केलं, आणि तेच अवघड.

सायकल उलटी करून मागचं चाक फिरव. तिचे रॉड ब्रेक रिमला बाजूने धरत नाहीत, आतल्या अंगाने वर ओढले जातात. त्यामुळे चाकाचा नुसता डावा-उजवा आऊट, म्हणजे डुलणं, काढून भागत नाही, चाक गोलही लागतं, नाहीतर ब्रेक दर फेऱ्याला ठेचकाळतो. मागे चाळीस आरे, पुढे बत्तीस. एकेक पाव आटा आवळत बसायचं. पॅडलच्या अक्षाचे कप, म्हणजे बेअरिंगच्या वाट्या, बघ. रॅलेचे आटे इंचाला २६, बाकीच्यांचे २४. बाजारातला कप दामटून बसवला असता तर नळीचे आटे गेले असते. जुना कप शोधण्यातच महिना गेला असेल. तुला मात्र चमक हवी होती.

मलाही हवी होती. पहिल्या पगारात वडिलांची हंबर सायकल मी सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग उडवून, मरून रंगात रंगवून आणली. सोनेरी रेघा गेल्या. पुढच्या नळीवर मी बसायचो तिथे माझ्या बुटाच्या बकलाचे ओरखडे होते, तेही गेले. वडील काही बोलले नाहीत, नळीवरून अंगठा फिरवून चहा प्यायला आत गेले. तेव्हा रंग देणं म्हणजेच काळजी घेणं असं सगळेच समजायचे. सबब सांगत नाही. बरं, सांगतोय.

म्हणून पुन्हा सांगतो, जे टिकलंय ते राखायचं. पावडर कोटिंगचं नाव काढू नकोस. पुढच्या बगळ्याच्या बिल्ल्याला ब्रासो लावू नकोस, रंग घासून निघेल. तेलाचा फडका पुरे. पावसात भिजलीच तर आधी कोरडी कर, मग जेव.

रविवारी घेऊन ये, मला एक चक्कर मारायचीय. गुडघा दुखतो, पण तीन गिअर आहेत.

आणि मिस्त्रींचे उरलेले पैसे आजच दे. घासाघीस करणार असशील तर माझं नाव सांगू नकोस.

तुझा,
काका