भारतासारख्या विकसनशील देशात पत्रकारांचं स्वातंत्र्य टिकवायचं तर नेमकं काय करावं लागेल?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की संविधान आहे, कायदे आहेत, तरी पत्रकार घाबरतात कशाला, आणि साध्या वाचकाच्या हातात काय आहे. मी परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सतरा वर्षांपासून वार्ताहर आहे, पोटापाण्याला झेरॉक्सचं दुकान आहे. दिल्ली-मुंबईच्या स्टुडिओतलं मला विचारू नका, पण तालुक्यातलं सांगू शकतो, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथंच आहे.

आधी पैशाचं सांगतो, कारण ते कोणी बोलत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो, मानधन म्हणून जे काही हातावर पडतं त्यात महिन्याचं पेट्रोल पण निघत नाही, कित्येकांना तेवढंही नाही. मग कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन आणि सगळ्यात मोठा सण म्हणजे साहेबांचा वाढदिवस. जिल्हा कार्यालयातून टार्गेट येतं की पुरवणीला इतक्याची जाहिरात पाहिजे. आता तालुक्यात जाहिरात देणार कोण, तर गुत्तेदार म्हणजे ठेकेदार, बाजार समितीवाले, संस्थाचालक, पतसंस्थेचे चेअरमन, झेडपी मेंबर. म्हणजे ज्यांच्यावर बातमी करायची त्यांच्याच बैठकीत जाऊन बसायचं, चहा घ्यायचा आणि "दादा, अर्धं पान तरी द्या की" म्हणायचं. जाहिरात छापून आली की वसुली पण आपल्याच गळ्यात, बिल थकलं तर डिपॉझिटमधून कापतात. आणि याच माणसाने दुसऱ्या दिवशी लिहायचं की त्याच गुत्तेदाराचा रस्ता पहिल्या पावसात उखडला. लिहिणारे आहेत, खरंच आहेत, पण बाकीच्यांना धमकी द्यायची वेळच येत नाही, जाहिरात बंद केली की विषय संपतो.

पैशातून पेपरचा आवाज दाबता येतो हे आपल्या सुप्रीम कोर्टाने फार आधी ओळखलं होतं. किती पानांचा पेपर कितीला विकायचा हे सरकार ठरवणार, असा १९५६ साली एक कायदा आला होता, पुण्याच्या 'सकाळ' पेपरने त्याला आव्हान दिलं आणि १९६१ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. म्हणणं असं की खप आणि पानं यांच्यावर बंधन आणणं म्हणजे बोलण्यावरच बंधन आणणं. पण तो सरकारचा कायदा होता म्हणून कोर्टात टिकला नाही, साहेबांनी जाहिरात बंद केली तर कोणत्या कोर्टात जायचं?

माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. २०१६ चा उन्हाळा आठवत असेल, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, जलदूत एक्सप्रेस, देशभर फोटो छापून आले. आमच्याकडे रेल्वे नाही आली, टँकर होते. एका तांड्यावर कागदोपत्री दिवसाला चार खेपा चालू होत्या. तिथल्या एका मावशींनी मला घरात नेलं आणि चुलीमागची भिंत दाखवली. कोळशाने रेघा ओढलेल्या, टँकर आला की एक रेघ, रोजच्या रेघांखाली एक आडवी. मी मोजल्या, दिवसाला दोन, कुठं एकच, आणि दोन आडव्यांच्या मधी काहीच नाही असे पण दिवस. म्हणाल्या, "लिवता नाही येत बाबा मला, पण इथं हंड्यासाठी भांडणं व्हायलेत, मी ध्यानात ठिवायलेय."

मी माहिती अधिकारात टँकरचं लॉगबुक मागितलं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला. तीस दिवसांची मुदत असते, एकोणतिसाव्या दिवशी कागद हातात दिले, तोवर तांड्याचा हापसा पण कोरडा पडला होता. लॉगबुकात चारही खेपांपुढं गावकऱ्यांच्या सह्या, सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या, आणि त्यातली एक तर अशा बाईची जी लेकरं घेऊन तीन महिन्यांपासून पुण्याला बांधकामावर गेली होती. भिंतीचा फोटो आणि लॉगबुकचं पान शेजारी शेजारी लावून बातमी दिली आणि ती छापून आली.

तिसऱ्या दिवशी अर्ध्या पानाची जाहिरात रद्द. पाचव्या दिवशी वकिलाची नोटीस, पंचवीस लाखाची अब्रुनुकसानी, शिवाय फौजदारी केस करू असं खाली लिहिलेलं. फौजदारी अब्रुनुकसानीत दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आपल्याकडे, अजूनही. मी ऑफिसला फोन लावला तर उत्तर आलं, "नियुक्तीपत्र आहे का तुमच्याकडं? मग तुमचं तुम्ही बघा." पेपरचं नाव घेत नाही, बऱ्याच पेपरांची तीच रीत आहे. त्या रात्री बायकोने विचारलं की दुकान विकावं लागंल का, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलेलं असताना दुसऱ्या दोन पेपरांचे वार्ताहर दुकानात आले. एरवी आमची चढाओढ, बातमीवरून कितीदा वाजलेलं. एकजण म्हणाला, "कागदं दे, आम्ही पण लावतो." मी लॉगबुकाच्या बावीस पानांच्या तीन प्रती काढल्या, मशीन तापलं, मधी दोनदा पेपर अडकला. तिसरा गठ्ठा त्यांनी एका यूट्यूब चॅनलवाल्या पोराला दिला. दोन दिवसांत तीच पानं तीन पेपरांत आणि मोबाईलवर. मग बीडीओ साहेब, म्हणजे गटविकास अधिकारी, स्वतः तांड्यावर आले, पाऊस पडेपर्यंत खेपा चार झाल्या. ती नोटीस अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, केस काही झाली नाही. एका माणसावर पंचवीस लाखाचा दावा ठोकता येतो, चौघांवर ठोकायला गेलं की कोर्टात लॉगबुक उघडावं लागतं.

मला जे कळलंय ते एवढंच आहे, पत्रकार एकटा सापडला की संपतो. म्हणून संरक्षण म्हणजे त्याला एकटं पडू न देणं, कायदा नंतर.

आमच्या भागाला हे नवीन नाही. निजामाच्या राज्यात आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ ला 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं, सरकारने बंदी घातली की हे लोक वेगळ्या नावाने अंक काढायचे, वाचणाऱ्याला बरोबर कळायचं की आपलाच पेपर आहे. आणि त्याच राज्यात, हैदराबादेत, इमरोज नावाच्या उर्दू पेपरचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा म्हणून लिहीत होते, ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी त्यांना रस्त्यात मारलं आणि हात तोडला. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, संस्थान मुक्त झालं. आम्ही दरवर्षी मुक्तिसंग्राम दिन करतो, झेंडावंदन होतं, भाषणं होतात, पण त्या संपादकाचं नाव आमच्या किती शाळांतल्या पोरांना माहीत आहे, विचारून बघा.

आत्ताचं बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडी घालून मारलं, रिफायनरीच्या वादातली त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तरमधल्या बिजापूरला पत्रकार मुकेश चंद्राकर यांचा मृतदेह गुत्तेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला, विषय काय तर रस्त्याचं काम. दोघंही तालुका-जिल्हा पातळीवरचे. बाहेरच्या देशात पण असंच, फिलिपिन्समध्ये मागिंदानाओ प्रांतात २००९ ला निवडणुकीचा अर्ज भरायला निघालेल्या एका ताफ्यावर हल्ला झाला, ५८ जण मारले, त्यातले ३२ पत्रकार आणि मीडियात काम करणारे, बहुतेक लहान पेपर आणि लोकल रेडिओचे. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेच्या पत्रकारांच्या स्वातंत्र्याच्या २०२५ च्या यादीत १८० देशांत आपण १५१ वे होतो. या यादीवरून टीव्हीवर भांडणं होतात, मला त्यात पडायचं नाही, मी तालुक्यात बसून जे बघतो त्यावरून तो आकडा मला खोटा वाटत नाही.

उलट मोझांबिकचं वाचलं तेव्हा मला बळ आलं. कार्लोस कार्दोसो नावाचे संपादक फॅक्सवरून पेपर काढायचे, छपाई परवडत नव्हती म्हणून वर्गणीदारांना फॅक्स. बँकेच्या मोठ्या घोटाळ्यामागे लागले होते, नोव्हेंबर २००० मध्ये भर रस्त्यात गोळ्या घातल्या. पण घरच्यांनी आणि बाकीच्या पत्रकारांनी विषय सोडला नाही, खटला रेडिओ-टीव्हीवर लाईव्ह गेला, गोरगरीब लोक रेडिओला कान लावून बसायचे, आणि २००३ च्या जानेवारीत शिक्षा झाल्या. आपल्याहून गरीब देश आहे तो.

कायद्याचं पण सांगतो, कारण तुम्ही विचारलंय. महाराष्ट्राने २०१७ ला पत्रकार संरक्षण कायदा मंजूर केला, देशात पहिला, राष्ट्रपतींची सही होऊन २०१९ ला लागू झाला. हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र, तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. चांगला कायदा आहे. पण त्यात पत्रकार कोण, तर ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो कुठल्या तरी माध्यम संस्थेत कामाला आहे, मग पूर्णवेळ असो की अर्धवेळ. आता मला सांगा, नियुक्तीपत्र नाही, पगाराची स्लिप नाही, बोर्डावर नाव झेरॉक्स सेंटरचं, मार खाऊन मी ठाण्यात गेलो तर मी पत्रकार आहे हे सिद्ध कसं करू? म्हणून आमच्या तालुक्याच्या संघटनेची एकच मागणी आहे, प्रत्येक वार्ताहराला लेखी नियुक्तीपत्र द्या, आणि जाहिरात गोळा करणारा माणूस वेगळा ठेवा. अधिस्वीकृतीचं कार्ड, म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र, वगैरे नंतर बघू.

आमच्यात तोडपाणी करणारे नाहीत का, आहेत. माईक घेऊन ग्रामसेवकाला घाबरवतात, शंभर-दोनशे रुपये घेऊन जातात, त्यांच्यामुळे खऱ्या माणसावर हल्ला झाला तरी लोक म्हणतात "घेतले असतील पैसे". मला याचा फार त्रास होतो. पण पोट रिकामं ठेवून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणाऱ्या मालकांना पण कोणीतरी विचारलं पाहिजे.

वाचकाने काय करायचं, तर तुमच्या भागात जो पेपर, मासिक किंवा पोर्टल खरं लिहितंय त्याची वर्गणी भरा, फुकटच्या पीडीएफवर भागवू नका, वर्गणीचा रुपया साहेबांच्या रुपयासारखा फोन करून बातमी थांबवत नाही. चांगली बातमी पुढं पाठवताना लिहिणाऱ्याचं नाव कापू नका, आमच्याकडं व्हॉट्सअॅपवर पहिलं तेच कापतात. नाव लोकांना माहीत असलेल्या माणसावर हात टाकायला समोरचा दहादा विचार करतो. आणि कोणावर केस झाली तर तारखेला जा, नुसतं कोर्टाच्या आवारात उभं राहा.

त्या लॉगबुकाचा गठ्ठा घेऊन गेलेला यूट्यूबवाला पोरगा, त्याच्यावर यंदा अब्रुनुकसानीची केस झालीय, घरकुलाच्या हप्त्याच्या बातमीवरून. येत्या सोमवारी परभणीला तारीख आहे. आम्ही पाचजण सकाळच्या पहिल्या एसटीने जायलोत, त्या दिवशी दुकान बंद राहील.