कॉफी वैलावरच करा

प्रश्न : ताई, नमस्कार. निवृत्तीनंतर आम्ही दोघं पुणं सोडून दापोली तालुक्यातल्या जुन्या घरी राहायला आलो. गॅस आहे, पण मागच्या पडवीतली वैलाची, म्हणजे शेजारी दुसरं तोंड असलेली, चूल सारवून पुन्हा पेटवली आहे. भात-आमटी जमते. दूध मात्र रोज खाली लागतं, कॉफीला धुराचा वास येतो आणि हिचे डोळे चुरचुरतात. लाकूड वाईट आहे की आमचं काही चुकतंय?

उत्तर : नमस्कार. आधी वहिनींच्या डोळ्यांचं बघा, कॉफी नंतर. डोळे चुरचुरतात म्हणजे धूर छातीतही जातोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. चूल मला फार प्रिय आहे, म्हणूनच हे सांगते. पडवी एका बाजूने तरी मोकळी ठेवा. ती बंदिस्त केली असेल तर गवंड्याला बोलावून धुराडं बसवून घ्या. ते कौलांच्या आढ्यापेक्षा वर गेलं पाहिजे, नाहीतर वारा धूर परत आत ढकलतो. आतली काजळीही वेळच्या वेळी काढायला हवी.

आता लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. ते पाणी उडवण्यातच आच खर्ची पडते, लाकूड धड जळत नाही आणि धूर होतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहा. वाळलेल्या खणखणतात, ओल्या बद्द वाजतात. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चिराही दिसतात. थंडीत तोडलेलं लाकूड लगेच फोडून रचलं, तर कोकणातल्या उन्हात मेपर्यंत चांगलं वाळतं. पावसाआधी ते पडवीत आलंच पाहिजे. पेटवायला नारळाची चुडतं (सुकलेल्या झावळ्या) आणि सोडणं (वरची साल), झटपट जाळ हवा तर करवंट्या, टिकाऊ निखाऱ्यासाठी ऐन किंवा किंजळ या झाडांचं लाकूड. बिब्ब्याचं लाकूड, कण्हेर, काजूबियांची टरफलं आणि रंग दिलेल्या फळ्या चुलीत कधीही घालू नका. प्लायवूडही नको, त्यातला डिंक जळून विषारी धूर होतो.

दूध लागतं त्याचं कारण जाळ. स्टीलच्या पातळ पातेल्याला ज्योत एकाच जागी चाटते आणि तिथलं दूध करपतं. गॅसवर आपण बटण फिरवतो, चुलीवर लाकूड मागे ओढायचं. जाळावर पाणी उकळा, भाताला आधण ठेवा, फोडणी करा. दूध, साय, खीर, कॉफी यांना निखाराच हवा. तुमच्याकडे वैल आहे, ही मोठी सोय आहे. मुख्य चुलीतली आच आतल्या बोळातून वैलाकडे जाते आणि तिथवर पोचेपर्यंत तिचा जोर उतरतो. माझ्या सासूबाई दूध कधी चुलीच्या तोंडावर ठेवायच्याच नाहीत. पहिला भात चढला की दुधाचं जाड बुडाचं पातेलं वैलावर, वर झाकण, आणि आमटी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. साय अशी धरायची की सुरीने कापावी.

धुराचा वास दुधातल्या स्निग्धामुळे येतो, ते वास पटकन ओढून घेतं. म्हणून चूल धुमसत असताना दूध उघडं ठेवू नका.

कॉफी अशी करा. स्वयंपाक आटोपला की लाकडं ओढून विझवा, निखारे राहू द्या. चुलीच्या तोंडावर पाणी उकळा, खाली उतरवा, क्षणभर थांबा आणि मग पूड घाला. एका कपाला दोन चमचे भरून. पूड चुलीवर खळाखळा उकळू नका, कडवटपणा त्यानेच येतो. झाकून चार मिनिटं ठेवा, वरून गार पाण्याचा हबका मारा म्हणजे चोथा खाली बसतो, मग फडक्यातून गाळा. तोवर वैलावरचं दूध कढत झालेलं असतं. दूध आणि साखर घालून शेवटी जायफळ किसा, तेही कपावरच, किसणीवर दोनदा फिरवून पुरे. जायफळ आधीपासून उकळलं तर सुगंध वाफेबरोबर उडून जातो. तुमच्या भागात वाड्यांमधून जायफळाची झाडं असतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठानेही ‘कोकण सुगंधा’ नावाची जात काढली आहे. बी कवचासकट वाळवा, हलवल्यावर आत खुळखुळली की फोडा. डबाबंद पुडीला हा वास नाही, हे माझं ठाम मत.

उरलेले निखारे वाया घालवू नका. तांदळाची भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकली की निखारे चुलीच्या तोंडाशी ओढून त्यांच्यापुढे उभी करा, टम्म फुगते. फणसाच्या दिवसांत गरम राखेत आठळ्या पुरा. आधी सालीला चीर द्यायला विसरू नका, नाहीतर फुटून अंगावर उडतात. आणि थंडीत ऊब म्हणून निखाऱ्यांची शेगडी झोपायच्या बंद खोलीत कधीच नेऊ नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि माणसाला जाग येत नाही.

प्रश्न : आईची पितळी पातेली चुलीवर वापरते. बुडं इतकी काळी होतात की घासून हात दुखतात. काही उपाय? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : चुलीवर ठेवण्याआधी बुडाला बाहेरून माती किंवा राख पाण्यात कालवून पातळ लेप द्या आणि सुकू द्या. काजळी लेपावर बसते आणि धुताना लेपासकट निघून जाते. रोज द्यावा लागतो, पण घासण्यापेक्षा सोपा. आतली कल्हई मात्र उडू देऊ नका. कोकम-चिंचेची आमटी उघड्या पितळेत केली की कळकते, पोटालाही चांगली नाही. कल्हईवाला गावात आला की सगळी भांडी एकदमच काढा.