जुन्या पितळी वाद्यांचे सुटे भाग विकताना

सप्रेम नमस्कार,

जुन्या ट्रम्पेट-कॉर्नेटचे (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचाच भाऊबंद) सुटे भाग हाती आले की ते घासून लख्ख करावेसे वाटतात. तेवढं करू नकोस. चांदीचा मुलामा पातळ असतो. पॉलिश चोळलं की तो उडतो, कोरलेली अक्षरं बुजतात आणि भाग ओळखायची खूणच जाते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे.

सर्वांत जास्त फसगत पिस्टनमध्ये, म्हणजे बोटाने दाबायच्या दट्ट्यात, होते. पिस्टन त्याच्या स्वतःच्या केसिंगमध्ये (बाहेरच्या नळकांड्यात) घासून बसवलेला असतो, दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. त्यामुळे त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या वाद्यात तो एकतर अडकतो, नाहीतर सैल बसून हवा सोडतो. पिस्टनवर 1, 2, 3 हे आकडे शोध. पुष्कळदा सिरियल नंबरही असतो, तो मधल्या केसिंगवरच्या नंबराशी ताडून पाहा. तिन्ही पिस्टन आणि केसिंगचा संच जुळत असेल तर तो कधीही फोडू नकोस. सुटाच पिस्टन असेल तर ‘नव्याने मुलामा देऊन बसवावा लागेल’ असं स्पष्ट लिही.

केसिंगच्या वरच्या-खालच्या झाकणांचं सगळं गणित आट्यांवर आहे. व्हर्नियर मापपट्टीने व्यास घे आणि थ्रेड गेजने (आटे मोजायच्या दातेरी पट्टीने) आट्यांचं अंतर. अमेरिकी वाद्यांत इंचाचं माप असतं, फ्रेंच वाद्यांत मेट्रिक. चुकीचं झाकणही एखादा फेरा सहज बसतं, मग घट्ट होतं, आणि जोर लावला की केसिंगचे आटे मरतात. तपासताना झाकण आधी उलटं फिरव, आटे ‘टक्’ करून खाली बसल्याचं बोटांना कळेल, मगच सुलटं फिरव. पिस्टनची बटणं आणि त्यांच्या दांड्यांनाही हाच नियम. पाणी काढायच्या किल्लीसाठी ती ज्यांत बसते त्या नळीवरच्या दोन कानांमधलं आतलं अंतर, पिनेची जाडी आणि किल्लीच्या हाताची लांबी दे. या तीन मापांवाचून ग्राहकाला काहीच ठरवता येत नाही.

बेलवरच्या (वाद्याच्या पसरट भोंग्यावरच्या) कोरीवकामावरून काळ ठरवताना जपून. ट्रम्पेट बनवणारी अमेरिकेतली बाख कंपनी 1953 मध्ये न्यू यॉर्कहून माउंट व्हर्ननला गेली, 1961 मध्ये सेल्मर या वाद्य कंपनीकडे आली आणि पुढे उत्पादन एल्कहार्टला हललं. पण बेल बदललेलीही असू शकते, म्हणून एकट्या बेलवर विसंबून वर्ष सांगू नये.

एखादी ट्यूनिंग स्लाइड (स्वर जुळवायची सरकती नळी) नेहमीपेक्षा आखूड दिसली तर ती कापलेली आहे असं धरून भंगारात टाकू नकोस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक वाद्यांसोबत दोन स्लाइड येत: आखूड स्लाइड 452 हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीसाठी, लांब स्लाइड 440 साठी. टोकं तपास, कारखान्याची कड सरळ आणि गुळगुळीत असते, करवतीची तशी नसते. हरवलेली जोडी शोधणारे लोक अशा स्लाइडला चांगली किंमत देतात.

माउथपाइपवर (तोंडाकडच्या पहिल्या नळीवर) मध्यभागी काळसर ठिपका असलेले गुलाबी डाग असतील तर पितळेतलं जस्त आतून निघून गेलेलं असतं. ती नळी चालू स्थितीतली म्हणून विकू नये; डागांचा जवळून फोटो दे.

पाठवताना प्रत्येक पिस्टन वेगळा गुंडाळ, स्प्रिंग काढून. ट्रॉम्बोनच्या स्लाइडच्या आतल्या नळ्या आधी सपाट काचेवर फिरवून पाहा, मग कडक नळकांड्यात, दोन्ही टोकांना फोम लावून बंद कर.