अ‍ॅनोडायझिंगचा थर असतो कशाचा, आणि रंग त्यात राहतो कुठे?

गॅलरीच्या खिडक्यांच्या काळ्या अ‍ॅनोडाइज्ड (म्हणजे विजेने ऑक्साइडचा थर चढवलेल्या) अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा रंग दोन उन्हाळ्यांत विटला, म्हणून तुम्ही हे विचारलंय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत अ‍ॅनोडायझिंगच्या जॉबवर्क शॉपमध्ये मी बरीच वर्षं टाक्या सांभाळल्या, तेवढ्या भांडवलावर सांगतो.

हा थर पेंटसारखा वरून बसवलेला नसतो. सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या टाकीत जॉब (म्हणजे तो अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा) प्लसला जोडून करंट सोडला की वरचं अ‍ॅल्युमिनियमच ऑक्साइड होत जातं. म्हणून त्याचे पोपडे निघत नाहीत. हा ऑक्साइड स्फटिकी नसतो, काचेसारखा विस्कळीत असतो. शुद्धही नसतो: टाकीतलं सल्फेट त्यात अडकतं, वजनाने दहा-पंधरा टक्के.

रचना मात्र बघण्यासारखी. धातूला चिकटून एक सलग, बिनछिद्री पापुद्रा, जाडी दर व्होल्टला साधारण एक नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). म्हणजे 15 व्होल्टला 15 नॅनोमीटरच. त्याच्यावर मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी नळ्या, प्रत्येकीच्या मधोमध उभं छिद्र. चौरस सेंटिमीटरला अशी हजारो कोटी छिद्रं. (हे चित्र 1953 साली केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी मांडलं.) तुमचा काळा रंग या छिद्रांत शिरून बसलेला असतो, आपल्या टॉवेलात पाणी मुरावं तसा.

आता छिद्रांची तोंडं बंद करायला हवीत, नाहीतर रंग आत टिकत नाही. ते काम उकळत्या शुद्ध पाण्यातलं सीलिंग करतं. ऑक्साइड पाणी धरून बोहेमाइट (पाणी धरलेला ऑक्साइड) होतो, फुगतो आणि तोंड मिटतं. थराच्या दर मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीला दोन-तीन मिनिटं लागतात. 20 मायक्रॉनला जवळजवळ तास. घाईचं काम असलं की कात्री इथेच लागते. मीही लावलीय, खोटं कशाला बोलू.

दुसरी भानगड आपल्या उन्हाळ्याची. टाकी 20 अंशांच्या आसपास ठेवावी लागते, करंटने ती आपोआप तापते, आणि बाहेर मे महिन्यातलं सोलापूर. चिलर (टाकी थंड ठेवणारं यंत्र) दमला की अ‍ॅसिड छिद्रांच्या भिंती खायला लागतं, थर मऊ पडतो, हाताला खडूसारखी पूड लागते. कधीकधी डाय, म्हणजे रंगच, उन्हाला टिकणारा नसतो, तेव्हा सीलिंगला दोष देऊन उपयोग नाही.

सीलिंग नीट झालंय का बघायचं तर आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर शाईचा थेंब ठेवा, पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. डाग राहिला तर छिद्रं उघडीच आहेत.