कुस्कोहून एका दिवसात इंका अवशेष पाहायचे असल्यास मार्गदर्शकासह सहल घ्यावी का?

माचू पिचूला जाण्यापूर्वी पेरू देशातील कुस्कोमध्ये, म्हणजे इंका साम्राज्याच्या जुन्या राजधानीत, आपल्याला एकच मोकळा दिवस मिळणार आहे, साठी ओलांडलेले आई-वडील सोबत आहेत, आणि उरुबांबा नदीच्या 'पवित्र खोऱ्या'त मार्गदर्शकासह जावे की टॅक्सी करून स्वतःच फिरावे, असा आपला प्रश्न आहे. मी या खोऱ्यात दोनदा गेले आहे. मार्गदर्शक अवश्य घ्यावा, मात्र ज्या सहलीत ठिकाणे सर्वांत कमी असतील तीच निवडावी, असे माझे मत आहे.

पहिल्या खेपेस मी नेमके उलटे केले होते. पिसाक, मोराय, मारासची मिठागरे, ओयांतायताम्बो आणि चिंचेरो अशी पाच ठिकाणे एका दिवसात दाखवणारी बस मला फार किफायतशीर वाटली; प्रत्यक्षात पिसाकच्या अवशेषांना जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली आणि चांदीच्या दागिन्यांच्या दुकानात त्याहून अधिक वेळ गेला. दुसऱ्या खेपेस मी फक्त पिसाक आणि ओयांतायताम्बो पाहिले आणि केचुआ ही इंकांची भाषा बोलणारा स्थानिक मार्गदर्शक घेतला. पिसाकला डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे छायाचित्र कोणीही काढतो, परंतु समोरच्या कड्यावर दिसणारी शेकडो भोके म्हणजे लुटारूंनी फोडलेली थडगी आहेत, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. तसेच मंदिराच्या भिंतींचे दगड चुन्याशिवाय एकमेकांत घट्ट बसवलेले आहेत, तर साध्या घरांच्या भिंती ओबडधोबड दगड आणि मातीच्या आहेत. ही खूण एकदा ध्यानात आली, की कोणती इमारत कोणासाठी होती याचा अंदाज आपला आपल्यालाच बांधता येऊ लागतो.

खरा वेळ द्यावा तो ओयांतायताम्बोला. तेथील चढण उभी असली तरी पायऱ्या बांधीव आहेत, आणि आपल्याकडे गड चढण्याची सवय असणाऱ्यांना त्यात अवघड काही नाही. विरळ हवेमुळे धाप मात्र लागते, म्हणून आई-वडिलांना थांबत थांबत चढू द्यावे. माथ्यावर गुलाबी छटेच्या सहा प्रचंड शिळा शेजारी शेजारी उभ्या असून प्रत्येक दोन शिळांमध्ये दगडाची एक अरुंद पट्टी बसवलेली आहे. या शिळांची खाण नदीच्या पलीकडे, समोरच्या डोंगरात काही किलोमीटरवर आहे, आणि ज्यांच्यापाशी लोखंडी हत्यारे नव्हती, वाहतुकीसाठी चाकही नव्हते, त्यांनी त्या डोंगरावरून उतरवून, नदी पार करवून पुन्हा वर चढवल्या. वाटेतच राहून गेलेल्या शिळांना तेथील लोक 'थकलेले दगड' म्हणतात. 1537 मध्ये इंका राजा मांको इंकाने याच ठिकाणी स्पॅनिश सेनानी एर्नान्दो पिसारोच्या सैन्याला परतवून लावले; नदीचे पाणी वळवून खालच्या मैदानात सोडले गेले आणि स्पॅनिश घोडदळाची चाल खुंटली. हा प्रसंग त्याच पायऱ्यांवर बसून ऐकावा, कारण ते मैदान समोर दिसत असते.

उंचीचा विचार आपण केलेला दिसत नाही. कुस्को सुमारे 3,400 मीटरवर आहे, ओयांतायताम्बो सुमारे 2,800 मीटरवर, आणि बहुतेक बस परतताना ज्या चिंचेरोला थांबतात ते कुस्कोहूनही उंच आहे. म्हणून ज्येष्ठांसोबत पहिल्याच दिवशी चिंचेरो टाळावे, आणि शक्य असल्यास संध्याकाळी कुस्कोला परतूच नये. माचू पिचूची रेल्वे ओयांतायताम्बोहूनही सुटते, त्यामुळे सामान सोबत घेऊन तेथेच मुक्काम करावा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, पण ती पाने भारतात आणू नयेत.

सहलीच्या शुल्कात प्रवेशाचे तिकीट बहुधा धरलेले नसते. पिसाक, ओयांतायताम्बो, चिंचेरो आणि मोराय यांचे एकत्रित तिकीट दोन दिवस चालते. मारासच्या मिठागरांचे वेगळे काढावे लागते. जेवणाची चिंता करू नये, किन्वाचे सूप, मोठ्या दाण्यांचे उकडलेले मके आणि तऱ्हेतऱ्हेचे बटाटे मिळतात. (आपल्या उपवासाच्या खिचडीतले बटाटा, शेंगदाणे, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंदही मूळचे अमेरिका खंडांकडचेच, हे मला तेथे जेवताना आठवले.)

पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबणार, दुकानांचे थांबे आहेत का आणि ओयांतायताम्बोला सोडतील का, हे तिन्ही लेखी विचारून घ्यावे. मुक्काम तेथेच केलात, तर गावासमोरच्या पिंकुयुना डोंगरावरील इंकांच्या धान्यकोठारांपर्यंत दुसऱ्या दिवशी सकाळी चढून यावे. तेथे तिकीट नाही, आणि आई-वडिलांना तोवर खालच्या चौकात निवांत बसता येईल.